दमयंतीबाईंची रिटायरमेंट

शरदचंद्रांनी निरोपाच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं भाषण ठोकलं आणि एकसष्ट जणांचे आभार मानले. एकसष्ट हा आकडा खरा आहे, कारण पहिल्या रांगेत बसून दमयंतीबाईंनी तो बोटांवर मोजला होता. त्यात आजवरचे झाडून सगळे साहेब होते. चहावाला होता, चहावाल्याचा मयत बाप होता. ज्या माठानं एकतीस वर्षं गार पाणी पाजलं तो माठ होता. शेवटी शेवटी तर शरदचंद्रांनी स्टॅम्प पॅडचेही आभार मानले.

दमयंतीबाईंचे मानले नाहीत.

आता, मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगळी. शरदचंद्र विसरले होते. आणि बायकोला विसरणं हा मुद्दाम केलेल्या अपमानापेक्षा मोठा गुन्हा आहे, हे एकतीस वर्षं नियमांची पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी शाल खुंटीला अडकवली आणि सवयीनं म्हणाले, "चहा ठेव वं जरा."

दमयंतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या खुर्चीत शरदचंद्र बसायचे. सत्कारातला नारळ दमयंतीबाईंच्या मांडीवर होता.

"एक इचारू?" त्या म्हणाल्या. "तुमी अठ्ठावन वर्साले रिटायर झाले. मी कदी होनार?"

"तू? तू काऊन रिटायर होशील? तू कोन्त्या नोकरीत हाय?"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच परत घेता आलं असतं, तर शरदचंद्रांनी त्यासाठी रीतसर अर्ज केला असता. पण तशी सोय नव्हती.

"बरं," दमयंतीबाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाची भीती वाटायला हवी होती. "मीबी आज रिटायर झाली. तीस वर्स डबे केले, एक दिवस खाडा नाई. आता मी माहेरी, मुधोळले जाऊन राह्यली, भावाच्या मांगच्या दोन खोल्यात. कायमची. तुमाले जे भेटनार हाय, ग्रॅच्युइटी, फंड, सुट्ट्याचे पैसे, त्याच्यातलं अर्धं मले पायजे. अन घरातलंबी अर्धं."

शरदचंद्रांच्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरला असता, किंवा माफी मागून मोकळा झाला असता. पण गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यात वाटणीच्या बाबतीत शरदचंद्रांचा शब्द शेवटचा होता. त्यांना घरात, स्वयंपाकघराच्या दारात, वाटणीचं आव्हान देणं म्हणजे पैलवानाला कुस्तीला बोलावणं.

"देतो," ते ताठ उभे राहत म्हणाले. "पन नियमानं."

इथं जरा खुलासा करायला हवा. तेलंगणा वेगळं होऊन दोन वर्षं झाली होती आणि येत्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद. शरदचंद्र ज्या कार्यालयात हेडक्लार्क होते (नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं नोकरीत आहेत आणि त्यांचीही पेन्शन व्हायची आहे) तिथल्या सामानाची चार जिल्ह्यांत वाटणी करायचं काम त्यांच्याकडे होतं. आणि काय वाटणी केली त्यांनी! त्रेपन्न खुर्च्या होत्या. तेरा-तेरा चौघांना गेल्या, एक उरली. त्या एका खुर्चीवर तीन बैठका झाल्या. तिन्ही उभ्यानं झाल्या, कारण खुर्ची वादात होती. कपाटं आतल्या फायलींसकट गेली, पंखे पात्यांसकट गेले. प्रत्येक यादीच्या खाली शरदचंद्रांची सही होती, आणि सहीखाली अशी एक रेघ की बघणाऱ्यानं उठून उभं राहावं. या कामापायी त्यांनी स्वतःचे पेन्शनचे कागदसुद्धा मागं ठेवले होते. "आधी जिल्हा, मंग मी," असं ते म्हणत. हे ऐकून लोकांना त्यांच्याबद्दल आदर वाटे. दमयंतीबाईंना काय वाटे ते कोणी विचारलं नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आखीव कागद घेतला आणि पैशाच्या वाटणीचं प्रमाण काढायला बसले.

"राज्याची वाटनी झाली तवा अठ्ठावन-बेचाळीस झाली," ते म्हणाले. "तेच प्रमान घेऊ. मले अठ्ठावन, तुले बेचाळीस."

"राज्याची वाटनी मानसायच्या आकड्यावर झाली. आपून दोघं हाव. दोनाचं अर्धं किती होते?"

"मंग सेवेच्या वर्सावर घेऊ. माही सेवा एकतीस वर्स. तुही तीस."

"माह्या तीस वर्सात रविवार नोता," दमयंतीबाई म्हणाल्या. "रविवार धरा."

शरदचंद्रांनी रविवार धरले. मग दिवाळी-दसऱ्याच्या सुट्ट्या धराव्या लागल्या. मग त्यांच्या स्वतःच्या आजारपणाच्या रजा, ज्या काळात दमयंतीबाई दुप्पट कामावर होत्या. हिशेब करता करता दमयंतीबाईंची सेवा त्रेचाळीस वर्षांवर गेली, तेव्हा शरदचंद्रांनी कागद फाडला आणि पैशाचा विषय पैसे हातात येईपर्यंत तहकूब केला. तोवर घरातल्या सामानाची यादी करायला घेतली.

पद्धत तीच, जिल्ह्याच्या वाटणीची: एक नग आदिलाबादला, एक नग मुधोळला, आळीपाळीनं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. पद्धत अचूक होती. अचूकपणाचा परिणाम असा झाला की कुकर मुधोळला गेला आणि त्याची शिट्टी आदिलाबादला राहिली, कारण शिट्टी वेगळ्या खणात सापडली आणि म्हणून तिला वेगळा नंबर पडला. मिक्सर एकीकडे, भांडी दुसरीकडे. तुळशीचं वृंदावन हलवता येणारं सामान की न हलवता येणारं, यावर दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी शरदचंद्रांनी ते हलवून दाखवायचं ठरवलं. वृंदावन हललं नाही, त्यांची कंबर हलली.

कंबर शेकत पडले असताना शेजारचे उत्तमराव भेटायला आले. उत्तमराव बँकेतून रिटायर झालेले. पैशाच्या बाबतीत न मागता सल्ला देणं ही त्यांची रिटायरमेंटनंतरची नोकरी.

"सारू, मी आईकलं," ते खुर्ची ओढत म्हणाले. "अर्धं देऊन राह्यले मंते तुमी? येडे झाले का? बाईले महिन्याले काई तरी रक्कम द्या. मुद्दलाले हात लावू देऊ नोका. मुद्दल गेलं की मानूस गेला."

"बरोबर हाय," शरदचंद्र कण्हत म्हणाले.

संध्याकाळी उत्तमराव परत आले. आता त्यांचा चेहरा वेगळा होता.

"सारू, तुमच्या घरचं भांडन तुमच्या घरात ठेवत जा! माही बायको बयना दुपारपासून वही घेऊन बसली. 'तुमाले बँकीतून काय काय भेटलं ते लिवून द्या' मंते. मी मनलं, ते संपलं. तं मंते, कोनाच्या इचारानं संपवलं?"

तोवर भिंतीपलीकडून बयनाबाईंचाच आवाज आला. "ओ दमयंतीताई! जेवनाच्या सुट्टीचेबी पैसे धरजा बरं! आपून कोनी सुट्टीत जेवलो नाई!"

आठवडाभरात गल्लीतल्या पाच घरांत वह्या उघडल्या. गल्लीतले पुरुष शरदचंद्रांना रस्त्यात ओळख दाखवेनासे झाले. ज्या माणसाच्या सहीखाली जिल्हा वाटला गेला, त्याला किराणा दुकानात कोणी 'नमस्ते सारू' म्हणेना. हैदराबादहून मुलगी पद्मिनीचा फोन आला. "बाबा, आईला अर्धं द्या आणि सॉरी म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे." शरदचंद्रांना वाटलं, पहिलं करता येईल. दुसऱ्यासाठी कुठला फॉर्म भरतात ते माहीत नव्हतं.

दसरा झाला, जिल्हे झाले, ढोल वाजले. आणि शरदचंद्र आपल्या पेन्शनचे कागद घेऊन आपल्याच जुन्या कार्यालयात गेले. बरोबर दमयंतीबाई. "अर्ध्याची मालकीन हाव मी," त्या म्हणाल्या. "कागद डोयानं पायतो."

पेन्शनच्या टेबलावरच्या बाईंनी यादी वाचली. पहिल्याच ओळीला गाडी अडली. नवराबायकोचा एकत्र फोटो पाहिजे, तीन प्रती.

"एकत्र काऊन?" शरदचंद्र म्हणाले. हा नियम त्यांनी स्वतः शेकडो लोकांना सांगितला होता. पण नियम दुसऱ्याला सांगताना जसा दिसतो तसा अंगावर आल्यावर दिसत नाही.

चौकातल्या फोटोवाल्यानं दोघांना पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. कॅमेऱ्यात पाहिलं. डोकं वर काढलं.

"सारू, थोडा नजदीक. बीच में एक आदमी और आ जाएगा."

शरदचंद्र चार बोटं सरकले. दमयंतीबाई दोन बोटं सरकल्या, पण उलट बाजूला. पहिल्या फोटोत शरदचंद्रांचा डावा कान आला नाही आणि दमयंतीबाईंचा उजवा खांदा आला नाही. हा फोटो टेबलावरून परत आला. दुसऱ्यात दोघं पूर्ण आले, पण दमयंतीबाईंनी ऐन वेळी मान फिरवली. तिसऱ्या वेळी फोटोवाला चिडला. बाहेर येऊन त्यानं दोघांना खांद्याला धरून एकमेकांवर चेपलं आणि क्लिक केलं. वेगळं होण्यासाठी काढलेल्या फोटोत ती दोघं जितकी जवळ उभी होती, तितकी लग्नाच्या फोटोतही नव्हती. लग्नाच्या फोटोत मधे एक मामा होता.

फोटो पास झाला. मग टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सारू, तुमचं सर्व्हिस बुक?"

"चार नंबरच्या कपाटात," शरदचंद्र रुबाबात म्हणाले. "मी सोता ठेवलं."

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. चार नंबरचं कपाट जिथं तीस वर्षं उभं होतं तिथं भिंतीवर रंगाचा एक ताजा उभा चौकोन होता, आणि चौकोनाच्या मधोमध एक पाल. "चार नंबर निर्मलले गेलं. आतल्या सामानासकट. तुमचीच सही हाय."

दमयंतीबाई नवऱ्याकडे वळल्या. "मंजे जिल्हा वाटता वाटता तुमी आपली नोकरीच दुसऱ्याले वाटून देली?"

काही प्रश्न असे असतात की त्यांना उत्तर देण्यापेक्षा निर्मलची बस पकडणं सोपं जातं.

निर्मलच्या नव्या कार्यालयात त्यांच्या स्वागताला होते अमृतराव. अमृतराव अकरा वर्षं शरदचंद्रांच्या हाताखाली होते. एकदा शरदचंद्रांनी त्यांचा रजेचा अर्ज समास कमी सोडला म्हणून तीनदा परत केला होता. तोवर ज्या लग्नासाठी रजा हवी होती ते लग्न होऊन नवरी पहिल्या सणाला माहेरी येऊन गेली होती. अमृतराव ते विसरले नव्हते. पण ते फार सभ्य गृहस्थ होते.

"या सर, या वहिनी. बसा," ते म्हणाले, आणि मग इकडंतिकडं पाहिलं. "बसायले तं काई नाई. वादातली खुर्ची आमाले भेटली, तिचा एक पाय मंचेरियालच्या लारीत गेला."

चार नंबरचं कपाट कोपऱ्यातच उभं होतं. शरदचंद्रांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. त्यांनी हात पुढं केला. "किल्ली?"

"किल्ली लेदु, सर. नाई किल्ली."

"लेदु मंजे?"

अमृतरावांनी अदबीनं यादी काढली आणि वाचून दाखवली. कपाटं, नग अठ्ठेचाळीस, चार जिल्ह्यांना बारा-बारा. त्याच्याखाली, नवीन अनुक्रमांकावर: किल्ल्या, नग अठ्ठेचाळीस, चार जिल्ह्यांना बारा-बारा.

"किल्ल्यायचा जुडगा तुमी वेगळा धरला, सर. आमाले बारा कपाटं आले अन बारा किल्ल्या आल्या. त्या बारातली एक बी आमच्या बारातल्या एकालेबी लागत नाई. चार नंबरची आसिफाबादले गेली असंन. क्रमानं गेल्या."

"मंग कुलूप तोडा!"

"तोडतो ना, सर. तोडायच्या आधी कुलूपवाल्याईचे तीन कोटेशन, मंग वरची मंजुरी, मंग पंचनामा, दोन साक्षीदार. नियम तुमीच शिकोले." अमृतराव हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. "साक्षीदार नात्यातला चालत नाई. वहिनी चालनार नाई."

"मी वेगळी व्हऊन राह्यली," दमयंतीबाई तत्परतेनं म्हणाल्या.

"मंग वेगळे झाल्याचा कागद लागते, वहिनी."

"तो पैसे भेटल्यावर व्हनार. पैसे कपाट उघडल्यावर भेटनार."

अमृतरावांनी दोन्ही हात पसरले. त्या हातांच्या मधल्या रिकाम्या जागेत शरदचंद्रांना आपली एकतीस वर्षांची सेवा स्पष्ट दिसली.

मग आसिफाबाद. उटनूरवरून जाणारी बस पकडली, आणि बस उटनूरलाच पंक्चर झाली. दीड तास सागाच्या सावलीत बसून काढला. शरदचंद्रांना ड्रायव्हरशी तेलुगूत भांडायचं होतं, पण त्यांचं तेलुगू फायलीतलं होतं. 'सदर विषयास अनुसरून' एवढंच त्यांना अस्खलित येई. दमयंतीबाईंनी शेजारणींत बसून शिकलेल्या तेलुगूत दोन वाक्यं टाकली आणि ड्रायव्हरनं स्वतःच्या डब्यातला पुलिहोरा आणून दिला. शरदचंद्रांनी तो चिंचेचा भात खाल्ला आणि आपल्या बायकोला इतकं तेलुगू येतं हे त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. ही नोंद त्यांनी मनात घेतली. कुठल्या रकान्यात घ्यायची ते कळलं नाही.

आसिफाबादच्या कार्यालयात कपाटं अजून दोरांनी बांधलेली होती, पण किल्ल्या टेबलावर होत्या, कागद उडू नयेत म्हणून. बारा किल्ल्या, एकीलाही नंबर नाही. तिथला क्लार्क समजूतदार होता, म्हणजे अडवणूकही समजुतीनं करत होता. "एक किल्ली देतो, सारू. सही करून. बारा देऊ शकत नाही. कोणती पाहिजे?"

शरदचंद्र बाराही किल्ल्यांकडं पाहत राहिले. बारा वर्षं त्यांनी ती किल्ली खिशात वागवली होती. आता सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

"हे," दमयंतीबाई म्हणाल्या.

किल्लीच्या भोकात हिरव्या काठाची एक चिंधी बांधलेली होती.

"माह्या लुगड्याची हाय," त्या क्लार्कला म्हणाल्या. "सतरांदा हरपत होते यायच्यानं. मी बांधून देली."

शरदचंद्रांनी सही केली. सहीखालची रेघ आज जरा वाकडी आली.

तीन दिवसांनी निर्मलला कपाट उघडलं. सर्व्हिस बुक सापडलं, लाल बाइंडिंगचं, स्वच्छ, एकही डाग नाही. शरदचंद्रांनी ते असं हातात घेतलं की जणू पहिलं नातवंड. अमृतरावांनी पानं उलटली. पगारवाढी, बदल्या, रजा, सगळं शरदचंद्रांच्या मोत्यासारख्या अक्षरात. मग ते एका पानावर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सर," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "कुटुंबाचा रकाना. आई, लक्ष्मीबाई. वारसदार, आई लक्ष्मीबाई, शंभर टक्के. मंग मुलगी, पद्मिनी, सन एकोनीसशे ब्यान्नव."

"मंग?"

"मंग संपलं, सर."

शरदचंद्र पुढं वाकले. रकाना तसाच होता. नोकरीला लागले तेव्हा लग्न व्हायचं होतं, म्हणून आईचं नाव. आई जाऊन सतरा वर्षं झाली होती. मुलीचं नाव लिहिलं होतं, कारण मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे सरकार देत असे. बायकोबद्दल सरकार काहीच देत नव्हतं, म्हणून लिहायची वेळ आली नव्हती. दुसऱ्या लोकांच्या निदान चारशे बायका त्यांनी स्वतःच्या हातानं वेळेवर सर्व्हिस बुकात चढवल्या होत्या.

"कागदावरून पाह्यलं तं," अमृतराव हळू म्हणाले, "तुमाले पोरगी हाय, सर. पन लग्न नाई."

कोणीतरी मागं फिसकन हसलं. शरदचंद्रांनी दमयंतीबाईंकडं पाहिलं. आता टोमणा येणार, आणि तो आपण निमूट सोसायचा, असं त्यांनी ठरवलं.

"मंजे तुमी मेले असते," दमयंतीबाई म्हणाल्या, "तं पैसे सासूबाईले द्यायले वर जाव लागलं असतं."

एवढंच. मग त्या काही बोलल्या नाहीत. बसमधे नाही, घाटात नाही, माकडांनी खिडकीतून शेंगा पळवल्या तेव्हाही नाही. भाषणात विसरणं एक वेळ समजता येतं, भाषण तोंडी असतं. पण लेखी? तीस वर्षं, दर वर्षी तपासणी होणाऱ्या पुस्तकात? शरदचंद्रांना गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती पैशाची नव्हती. ती मुधोळच्या दोन खोल्यांची होती. या बाईंनी आजवर जे म्हटलं ते केलं होतं.

पेन्शनच्या टेबलानं सांगितलं: बायकोचं नाव आता चढवायचं तर लग्नाचा दाखला पाहिजे. तीस वर्षांपूर्वी मुधोळच्या मांडवात दाखला कोण घेत होतं? मांडवात भाताच्या पंगती मोजल्या होत्या, पण त्याचा कागद नव्हता. म्हणजे लग्नाची नोंदणी आता करायची. म्हणजे, थोडक्यात, वेगळं होण्यासाठी पैसे वाटायचे, पैसे वाटण्यासाठी पेन्शन पाहिजे, पेन्शनसाठी बायको पाहिजे, आणि बायकोसाठी लग्न करायचं.

गल्लीला हे कळायला बारा मिनिटं लागली. नोंदणीच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा नव्हती, टेम्पो होता. बयनाबाईंनी दमयंतीबाईंना हळद लावली. उत्तमराव दोन हार आणि दोन किलो जिलेबी घेऊन आले. मुद्दलाला हात लावू नका म्हणणारा माणूस स्वतःच्या खिशातून जिलेबी आणतो, यावरून बयनाबाईंची वही कुठवर पोचली होती ते कळत होतं.

नोंदणी कार्यालयात सगळी जवान जोडपी. एका मुलीनं शरदचंद्रांना विचारलं, "अंकल, तुमचं लव की अरेंज?"

"डिव्हिजन," उत्तमराव म्हणाले.

अधिकारी बाईंनी कागद पाहिले, दोघांकडं पाहिलं, आणि शिस्तीप्रमाणं विचारलं, "अम्मा, तुमची संमती आहे?"

दमयंतीबाईंनी हातातला हार सरळ केला. हारातल्या शेवंतीचा वास येत होता. मागं बयनाबाईंनी पदर तोंडाला लावला. उत्तमरावांच्या हातात जिलेबीचा पुडा चुरगळला.

"अम्मा?"

"यायले इचारा पहिले," दमयंतीबाई म्हणाल्या. "मी नोकरीत हाय का नाई ते."

सगळ्यांनी शरदचंद्रांकडं पाहिलं. स्टॅम्प पॅडवर चार मिनिटं बोललेला हा माणूस. त्यांनी घसा साफ केला. त्यांना 'सदर' आठवलं, 'उपरोक्त' आठवलं, 'सन्माननीय' आठवलं. यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं.

"अर्धं," ते म्हणाले. "बरोबर अर्धं. प्रमान नाई, काई नाई. देतो." मग खाली फरशीकडं बघत म्हणाले, "तुहं नाव पहिल्या पानावर पायजे होतं. माही चूक हाय. लेखी देतो."

"लेखी नोको," दमयंतीबाई म्हणाल्या. "तुमचं लेखी मी पाह्यलं." आणि अधिकारी बाईंकडं वळल्या. "हाय संमती. पन मुधोळचं अजून ठरलं नाई. ते पैसे आल्यावर पाहू."

लग्न लागलं. जिलेबी कमी पडली.

पैसे संक्रांतीनंतर आले. दमयंतीबाईंनी स्वतःच्या नावावर खातं उघडलं, शरदचंद्रांनी अर्धी रक्कम तिथं वळती केली, शेवटच्या पैशापर्यंत अर्धी. आता ती रक्कम मुदत ठेवीत ठेवायची होती. बँकेच्या काउंटरवर दमयंतीबाई बसल्या होत्या. शरदचंद्र मागं उभे होते, हातात बायकोची पिशवी धरून. पिशवीत मुधोळच्या बसचं वेळापत्रक होतं. ते त्यांनी पाहिलं होतं, आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

काउंटरवरचा जवान साहेब फॉर्म भरत होता. "अम्मा, नॉमिनी कोण?"

दमयंतीबाईंनी मागं वळून पाहिलं. चांगलं निरखून, वरपासून खालपर्यंत, जसं बाजारात वांगी निवडतात. शरदचंद्र नकळत ताठ झाले. मग त्यांना वाटलं की ताठ होणं बरोबर नाही, म्हणून थोडे वाकले.

"रिकामं ठेवा," त्या म्हणाल्या.

"रिकामं ठेवता येत नाही, अम्मा. कोणाचं तरी नाव लागते."

"आसं का?" दमयंतीबाईंनी थोडा विचार केला. "मंग यायचंच टाका. पन पेन्सिलीनं."

"अम्मा, पेन्सिलीनं..."

"पहिले पेन्सिलीनं. साल-दोन साल पायतो कसं वागते ते. मंग पेन फिरवू. तवर मुधोळबी तिथंच हाय, कुठी पळून जात नाई."

जवान साहेबानं शरदचंद्रांकडं मदतीसाठी पाहिलं. "सारू, बँकेत पेन्सिल नसते."

"थांबा," शरदचंद्र म्हणाले. "दोन मिनिटं थांबा. फॉर्म बंद करू नोका!"

पिशवी तिथंच टाकून ते जिन्यावरून धावत निघाले. अठ्ठावन्न वर्षांचा, कंबर दुखरी असलेला माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत होता. समोरच्या रस्त्यापलीकडं पुस्तकांचं दुकान होतं. एकतीस वर्षांत शरदचंद्रांनी स्वतःच्या पैशानं एकही पेन्सिल विकत घेतली नव्हती, त्यामुळं ती केवढ्याला मिळते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुठीत शंभराची नोट धरली होती.

ते रस्त्याच्या मधोमध पोचले तेव्हा वर बँकेच्या खिडकीतून दमयंतीबाईंचा आवाज आला, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"अवो! रबरवाली आणजा!"